उरलेल्या १९ मात्रा

मी क्षयरोग पथकात वरिष्ठ उपचार पर्यवेक्षक आहे आणि आमच्या हद्दीत एक कारागृह येते. तिथल्या रुग्णांचा उपचार बाहेरच्यांपेक्षा नियमित चालतो, हे ऐकून लोकांना नवल वाटते. पण औषधनिर्माता रोज समोर उभा राहून गोळ्या गिळायला लावतो आणि रुग्णाला कुठे जायचेच नसते. अडचण सुरू होते सुटकेच्या दिवशी. न्यायाधीन बंद्याच्या जामिनाचा आदेश आला की संध्याकाळी सुटका होते आणि तोवर दवाखान्याला कुलूप लागलेले असते.

त्या बुधवारी सकाळी औषधनिर्मात्याचा फोन आला. “मॅडम, चार नंबर बराकीतला आपला पोरगा काल संध्याकाळी सुटला. गोळ्या माझ्याच कपाटात राहिल्या.”

वय २४, वजन ४७ किलो, म्हणजे चार औषधे एकत्र असलेल्या रोजच्या तीन गोळ्या. पहिल्या टप्प्यातल्या ५६ मात्रांपैकी ३७ झाल्या होत्या. सहाव्या आठवड्यापर्यंत ताप गेलेला असतो, खोकला कमी होतो, भूक लागते आणि माणसाला आपण बरे झालो असे वाटू लागते; औषध सुटायला याहून वाईट वेळ नाही.

क्षयरुग्णांच्या नोंदी ठेवणाऱ्या सरकारी निक्षय पोर्टलवरचा पत्ता अटकेच्या कागदांवरून उतरवलेला होता. त्या भाड्याच्या खोलीत आता दुसरेच कुटुंब राहत होते. मोबाइल क्रमांक औषधनिर्मात्याचा स्वतःचा, कारण बंद्याकडे फोन नसतो आणि रकाना तर भरावाच लागतो. सुटकेची नोंद कारागृहाच्या संगणकावर त्याच संध्याकाळी झालेली असताना ती माझ्यापर्यंत पोचली एका भल्या माणसाने आठवणीने फोन केला म्हणून. याला व्यवस्था म्हणता येत नाही.

सहाव्या दिवशी मला पासबुक आठवले. क्षयरुग्णांच्या आहारासाठीच्या निक्षय पोषण योजनेचे दरमहा १,००० रुपये जमा व्हावेत म्हणून त्याच्या भावाने कारागृहातल्या मुलाखतीच्या वेळी त्याची झेरॉक्स दिली होती. आयएफएससी कोडची शेवटची सहा अक्षरे बँकेची शाखा सांगतात आणि ती निघाली धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या एका गावची. पैशांसाठी दिलेली माहिती मी माणूस शोधायला वापरली, याबद्दल मला तेव्हाही संकोच वाटला नाही आणि आजही वाटत नाही. तिथल्या आरोग्य केंद्राला फोन केला, पोर्टलवर रुग्ण त्यांच्याकडे वर्ग केला आणि त्यांनी तो स्वीकारेपर्यंत वेळ जाऊ नये म्हणून उपचारपत्रकाचा फोटोही पाठवला. नवव्या दिवशी आशाताई गोळ्या घेऊन त्याच्या दारात गेल्या. त्याच दिवशी त्याने ३८वी मात्रा घेतली.

उपचारपत्रकाच्या कोपऱ्यात कारागृहाच्या दवाखान्याचा शिक्का होता. गावात भावाने मुलगा सुरतेला कामाला असल्याचे सांगितले होते. फोटो या फोनवरून त्या फोनवर गेला आणि दोन दिवसांत तो तुरुंगात होता हे गावाला कळले.

“मॅडम, गोळ्या पोचल्या,” तो मुलगा फोनवर म्हणाला, “पण शिक्का कशाला पाठवला?”

एचआयव्हीच्या रुग्णाचे कागद हाताळताना, त्याची माहिती गुप्त ठेवायला लावणाऱ्या २०१७ च्या कायद्यामुळे आमचा हात जपून चालतो. क्षयरोगाचे पत्रक मात्र आम्ही सहज पुढे धाडतो, आणि मीही तसेच केले. हुकलेल्या गोळ्यांपुढे मला दुसरे काही दिसत नव्हते. शिक्का झाकायला अर्धा मिनिट लागला असता.

आता मी उपचाराच्या पहिल्याच आठवड्यात कारागृहात जाऊन प्रत्येकाला विचारते: सुटल्यावर कुठे जाणार, गोळ्या कोणत्या केंद्रातून हव्यात, आणि घरी काय सांगितले आहे? बाहेर पाठवायचे पत्रक कोऱ्या कागदावर नव्याने लिहिते. सात दिवसांच्या गोळ्यांचे पाकीट मुख्य दरवाजावर ठेवायला अधीक्षकांनी परवानगी दिली आहे, पण ती तोंडी आहे. त्यांची बदली झाली की पुन्हा विचारावे लागेल.

तो मुलगा गावातल्या केंद्रात आता जात नाही. पुढच्या टप्प्याच्या गोळ्या तो एसटीने जाऊन तालुक्याच्या रुग्णालयातून आणतो. दुसऱ्या महिन्याअखेरची थुंकी तपासणी निगेटिव्ह आली आणि आमच्या आढावा बैठकीत त्याचे नाव यशस्वी स्थलांतराच्या रकान्यात वाचले गेले. त्या शिक्क्याबद्दल मी बैठकीत बोलले नाही.