आजींच्या अंगणातली थॉमसन

मी तासगावचा. घरची दोन एकर द्राक्षबाग, त्यामुळे कात्री धरायला लहानपणीच शिकलो. सध्या ग्रीसच्या क्रीट बेटावर, हेराक्लिओनजवळच्या अर्हानेस भागात घरगुती बागांची कामं करतो. मार्चच्या पहिल्या आठवड्यातला एक दिवस अजून डोक्यातून जात नाही.

ऐंशीच्या पुढच्या एक आजी. इकडे आजीला याया म्हणतात, मीही त्यांना तसंच म्हणतो. दगडी घरापुढे अंगण, त्यावर द्राक्षाचा मांडव आणि कोपऱ्यात एक लिंबाचं झाड. "दोन वर्षं एक घड नाही लागला बघ," त्या म्हणाल्या. "आणि हे लिंबू वाळलंय. तोडून टाक बाळा."

आधी वेल पाहिली. काड्या दणकट, पण आधीच्या माणसाने सगळ्या दोन-दोन डोळ्यांवर (डोळा म्हणजे काडीवरची फुटव्याची कळी) आखूड कापलेल्या. जात विचारली तर म्हणाल्या, सुलतानिना. अंगावर काटाच आला. सुलतानिना म्हणजे आपली थॉमसन सीडलेस! तासगावच्या बेदाण्याची जात. याया त्यांच्या माहेरी द्राक्षं पोटॅशच्या पाण्यात थोडं ऑलिव्ह तेल घालून बुडवायच्या आणि मग उन्हात वाळवायच्या. आमच्याकडे पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइल. इतक्या लांब येऊन घरचंच काम ऐकत होतो.

घड का लागत नव्हते हेही लगेच कळलं. वाइनच्या बऱ्याच जातींना दोन डोळ्यांची छाटणी चालते, थॉमसनला नाही. तिच्या काडीच्या बुडाशी असलेल्या डोळ्यांत घड क्वचितच असतो, तो वरच्या डोळ्यांत भरतो. म्हणून तर आमच्याकडे ऑक्टोबर छाटणीआधी काड्या तपासणीला पाठवतात आणि कितव्या डोळ्यात घड आहे ते पाहूनच कात्री लावतात. आखूड कापलं म्हणजे आपण स्वतःच घड कापून फेकतो.

खात्रीसाठी अण्णांना व्हिडिओ कॉल लावला. मोबाइल काडीजवळ नेला तसे म्हणाले, "पेन्सिलीएवढी जाड बघ, आणि उन्हातली घे. सावलीतली काडी धरू नको." चार काड्या निवडल्या. प्रत्येकीवर बारा डोळे राखले आणि शेजारी दोन डोळ्यांचा एकेक खुंट ठेवला, पुढच्या वर्षीच्या काडीसाठी. बाकी सगळं उतरवलं. आमच्याकडे वर्षात दोन छाटण्या, एप्रिलला काड्या तयार करायची खरड छाटणी आणि ऑक्टोबरला घडांसाठी फळछाटणी, कारण तिथे वेलीला खरी झोप मिळत नाही. इथे हिवाळाभर ती निपचित पडते आणि छाटणी एकच. इतका उशीर झाला होता की प्रत्येक कापातून पाणी ठिबकत होतं. यायांनी एका थेंबाखाली बोट धरलं आणि म्हणाल्या, "रडतेय." मी म्हटलं, "जागी झालीय, याया."

मग लिंबाकडे वळलो. शेंडे वाळलेले, पानं गळलेली. आपल्याकडच्या संत्र्याच्या शेंडेमरसारखंच वाटलं, म्हणून वाळक्याच्या वीतभर खाली कापत गेलो. तिसरी फांदी कापली तेव्हा थांबलो. सालीखालचं लाकूड पांढरं नव्हतं. कच्च्या गाजरासारखं केशरी, मधेच गुलाबीसर. असं लाकूड मी कधी पाहिलं नव्हतं. तोडलेल्या फांद्या तोवर झाडाखालीच टाकत होतो.

तुकडा घेऊन गावातल्या कृषी दुकानातल्या तज्ज्ञाकडे गेलो. बाईंनी पाहताक्षणी नाव सांगितलं: कोरिफोक्सीरा. शब्दशः शेंडे वाळणं, पण हा वेगळा बुरशीजन्य रोग. इटलीत याला माल सेक्को म्हणतात. बुरशी जखमेतून आत शिरते आणि पाणी वाहणाऱ्या नळ्या बंद करते. ती वाळक्या काड्यांवर वाढते आणि पावसाच्या थेंबांनी पसरते, म्हणून थंड-ओल्या दिवसांतली जखम सगळ्यात वाईट. मागच्या हिवाळ्यात गारा पडल्या होत्या, हे यायांनी नंतर सांगितलं. बाई म्हणाल्या, "तोडलेलं सगळं आजच जाळ."

परत येऊन आधी खालच्या फांद्या गोळा केल्या. आपल्या हातून हे व्हायला नको होतं. मग केशरी रंग संपेपर्यंत कापत गेलो. तो थेट जुन्या कलमाच्या जोडापर्यंत आला होता, पण जोडाखाली लाकूड स्वच्छ पांढरं. तिथूनच तीन जोमदार फुटवे आलेले, पानांच्या देठाला रुंद पंख. खुंट, म्हणजे कलमाखालचं मूळ झाड, नेरांत्झीचा, म्हणजे आंबट संत्र्याचा. नेरांत्झी आणि आपलं नारिंग हे एकाच शब्दाचे वंशज. मी कापाला बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा बुरशीनाशक लेप) लावली.

"आता यावर संत्र्याचं कलम बांध," याया म्हणाल्या. त्यांच्या नातवंडांना संत्री आवडतात. नाही म्हणणं जड गेलं. या खुंटावर गोड संत्र बांधलं आणि ट्रिस्टेझा विषाणू आला की झाड जातं, मावा तो पसरवतो. एकट्या स्पेनमध्ये अशी 4 कोटींहून जास्त झाडं गेली. आपल्याकडे जंबेरी या लिंबाच्या जातीच्या खुंटावर डोळा भरतात, म्हणजे कलम करतात, तिथे ही धास्ती नसते. याच खुंटावर लिंबू मात्र तग धरतं. मी समजावत होतो, त्या शांत ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "बरं. लिंबूच. पण टिकणारं." ठरली मोनाकेल्लो, या रोगाला दाद न देणारी इटालियन जात.

एप्रिलअखेर साल सुटू लागली तेव्हा रोपवाटिकेतून विषाणूमुक्त काड्या आणल्या. राहुरीला मोसंबीचे डोळे भरायला शिकलो होतो, हात तसाच चालला: टी आकाराचा काप, सुरीच्या टोकाने साल उचलायची, ओल्या कागदासारखी ती अलगद सुटते, आत डोळा सरकवायचा आणि देठ बाहेर ठेवून पट्टी गुंडाळायची. तीन फुटव्यांवर तीन डोळे.

तीन आठवड्यांनी गेलो तेव्हा याया आधी मला मांडवाखाली घेऊन गेल्या. काठी उंचावून एकेक घड दाखवत होत्या, मुगाएवढे मणी धरलेले. मग लिंबापाशी आलो. पहिल्या डोळ्याच्या देठाला बोट लावलं, तो टुपकन गळून पडला, म्हणजे डोळा धरला. दुसऱ्याचाही तसाच. तिसऱ्याचा देठ काळा पडून चिकटून बसलेला. त्याची पट्टी सोडली आणि यायांना म्हटलं, "हा ऑगस्टमध्ये पुन्हा भरू."

"मी असेन," त्या म्हणाल्या आणि गळालेला देठ खिशात ठेवला.