जेवण मोकळं, माहिती झाकून

स्वीडनमध्ये ऑफिसात कुणी कुणापुढे डबा करत नाही, ही तक्रार इथला प्रत्येक मराठी माणूस आल्याआल्या घरी फोनवर करतो. तक्रार खरी आहे. गोथेनबर्गच्या आमच्या ऑफिसात बारा वाजायच्या आतच मायक्रोवेव्हसमोर रांग लागते, आपापला डबा गरम होतो आणि ज्याचा तोच खातो. २०२२ साली तर खेळायला आलेल्या शेजारच्या पोराला जेवायला न वाढणारी स्वीडिश घरं हा इंटरनेटवर जगभर चेष्टेचा विषय झाला होता. आणि मी अंबाजोगाईकडचा. येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, रस्त्यानं जाणाऱ्यालाही हाक मारून शेतात बसवायचं, भज्जी, उंडे वाढायचे आणि ‘नको नको’ म्हणेपर्यंत आंबील ओतायची, ही आमची रीत. तेव्हा दिलदारपणाबद्दल या लोकांकडून मला काही शिकायला मिळेल असं वाटलंच नव्हतं.

आधी छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज एमआयडीसीची गोष्ट सांगतो. तिथल्या एका कारखान्यात मी नोकरीची पहिली वर्षं काढली. आमचे साहेब मनानं राजा. कुणाच्या आईचं ऑपरेशन निघालं की खिशातून पैसे काढून द्यायचे. घाटी दवाखान्यात रक्त लागलं तर आधी स्वतः जायचे, मग आम्हाला बोलवायचे. पण नवी ऑर्डर येणार की हातची जाणार, कोणती लाइन बंद होणार, हे आम्हाला कळायचं कॅन्टीनवाल्याकडून. साहेबांना सगळं माहीत असायचं, ते सांगायचे नाहीत. मग लाइन चालू राहणार म्हणून मेंटेनन्सवाले सुटे भाग मागवायचे, आणि तीच लाइन बंद पडणार या हिशेबानं प्लॅनिंगवाले कच्चा माल थांबवायचे. दोघंही प्रामाणिक, दोघंही घाम गाळणारे. महिनाअखेरीला भांडण मात्र ठरलेलं, आणि ते मिटवायला पुन्हा साहेबच. साहेबांचा मान त्यातूनच वाढायचा, हे तेव्हा लक्षात येत नव्हतं.

इथली आमची मॅनेजर कुणाला चहासुद्धा पाजत नाही. पण प्रोजेक्टचे पैसे कापले गेले, तेव्हा वरच्या मीटिंगमधून ती थेट आमच्याकडे आली. किती कापले, काय ठरलंय, काय अजून ठरायचंय आणि तिला स्वतःला त्यातलं काय पटलेलं नाही, सगळं त्याच दुपारी सांगून मोकळी झाली. पुढं कोणत्या चाचण्या गाळायच्या यावर मीटिंगांचं गुऱ्हाळ सुरू झालं. शिकाऊ पोरानंही मत दिलं आणि ते लिहून घेतलं गेलं. मी वैतागलो होतो, खोटं कशाला बोलू. वाळूजला हा निर्णय साहेबांनी जिना उतरता उतरता घेतला असता. पण एकदा ठरल्यावर ‘आता मी काय करू’ असं कुणीही विचारलं नाही. कोणती चाचणी का गेली हे प्रत्येकाला ठाऊक होतं, त्यामुळं तिनं कुणाच्या मागं लागायची गरजच उरली नाही.

म्हणून हे लोक जात्याच थोर आहेत असं मी म्हणणार नाही. निम्मी तर कायद्यानं लावलेली सवय आहे. कामाच्या ठिकाणी मोठा बदल करण्याआधी मालकानं कामगार संघटनेशी बोललंच पाहिजे, असा १९७६ चा कायदा आहे. सरकारी कागद नागरिकांना पाहायला मिळावेत ही तरतूद तर १७६६ सालची. शेजाऱ्याचं करपात्र उत्पन्न किती, हेसुद्धा कर खात्याला विचारता येतं. अशा देशात माहिती दाबून बसणारा साहेबच विचित्र दिसतो. त्यात सुट्टीचा कायदा. तो १९७७ चा, वर्षाला २५ दिवस, आणि त्यातले सलग चार आठवडे उन्हाळ्यात घ्यायचा हक्क. जुलैत मॅनेजर गायब, फोन बंद. तिच्या डोक्यातलं सगळं आधी आमच्या डोक्यात आलेलं नसेल, तर काम तिथंच अडणार.

हे सगळं मी उत्साहानं माझ्या चुलतभावाला सांगितलं. तो मुकादम आहे, दरवर्षी दसरा-दिवाळीनंतर ऊसतोड कामगारांची टोळी घेऊन साखर कारखान्याला जातो. त्याच्या टोळीतल्या कुणाचं बाळंतपण असो की लग्न, पैसा तोच उभा करतो. पण कोणत्या कोयत्याची, म्हणजे ऊस तोडणाऱ्या जोडप्याची, उचल (आगाऊ घेतलेले पैसे) किती, त्यातली किती फिटली, हे त्याच्या डायरीत. फिटली की अंगावर आली, ते पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर तो सांगणार. मी म्हटलं, “दर आठवड्याला टनांचा हिशेब ग्रुपवर टाकत जा की.”

“तात्या, समदं सांगून टाकल्यावर मुकादमाला इचारतंय कोण?”

इथपर्यंत मला वाळूजच आठवत होतं. पण त्याचं पुढचं बोलणं तसं नव्हतं. “एखादा कोयता उचल घेऊन दुसऱ्या कारखान्याला पळाला, तर पैसे तुझी स्वीडनची बाई भरंल का? मी याजानं काढून देतो ते.”

याला माझ्याकडं उत्तर नाही. प्रोजेक्ट बुडाला तर आमच्या मॅनेजरचं घर विकलं जात नाही, त्याचं रान जाऊ शकतं. हात मोकळा ठेवायला तिच्या पाठीशी पगार आहे, कायदा आहे. तरी मी एवढं विचारलंच, “आजवर जे पळाले, त्यांना तरी आपली किती फिटली ते माहीत होतं का?”

फडात गाडी भरायला आली होती, मागून कुणीतरी त्याला हाका मारत होतं. “पट्टा पडल्यावर बोलू,” म्हणाला आणि फोन ठेवला.