दोन डायपोल, आणि मोजणीत शिरलेली तिसरी तार

मागच्या नोंदीत एकट्या डायपोलपाशी, म्हणजे मधोमध केबल जोडलेल्या सरळ तारेच्या अँटेनापाशी, थांबलो होतो. या महिन्यात त्याच्या शेजारी दुसरा आणला.

मांडणी अशी: डिचोलीच्या घराचं अंगण, दोन बांबू, १४५ मेगाहर्ट्झ. लांबी १.०३४ मीटर, म्हणजे बरोबर अर्धी तरंगलांबी. रेझोनन्ससाठी, म्हणजे तार या फ्रिक्वेन्सीला नेमकी सुरात यावी म्हणून, टोकं कापली नाहीत, कारण मला आकडे शेजारशेजारच्या अँटेनांसाठीच्या कार्टर यांच्या १९३२ च्या सूत्रांशी ताडून बघायचे होते. तार वायरिंगची २.५ चौरस मिलिमीटरची, पण पीव्हीसीचं कव्हर सोलून. कव्हर ठेवलं तर रेझोनन्स खाली सरकतो आणि नेक-२ ला (अँटेनाचं मॉडेल करून गणित मांडणारा संगणक-प्रोग्रॅम) ते कव्हर कळत नाही.

सूत्र सांगतं की अगदी बारीक तारेचा अर्धतरंग डायपोल एकटा असेल तर फीडपॉइंटला, म्हणजे केबल जोडतात त्या मधल्या जागी, रोध ७३ ओहम आणि रिअॅक्टन्स (प्रवाहाला होणारा, पण ऊर्जा न खाणारा अडथळा) ४२.५. शेजारी २०.७ सेंटिमीटरवर, म्हणजे तरंगलांबीच्या दहाव्या भागावर, तसाच दुसरा मधोमध शॉर्ट करून ठेवला, तर रोध थेट २१ च्या आसपास उतरतो आणि रिअॅक्टन्स ५९ पर्यंत चढतो. दुसऱ्या तारेला काहीच जोडलेलं नाही, तरी! पहिलीच्या क्षेत्रामुळे तिच्यात प्रवाह वाहतो, त्या प्रवाहाचं क्षेत्र परत पहिलीवर येतं, आणि फीडपॉइंटला ते जाणवतं. यागी-उदा अँटेना याच देवाणघेवाणीवर चालतो.

नेकमध्ये प्रत्येक तारेचे २१ सेगमेंट, म्हणजे गणितापुरते तुकडे, केले. संख्या विषम ठेवली की सोर्स, म्हणजे सिग्नल देण्याची जागा, नेमका मधल्या सेगमेंटवर बसतो. एक सेगमेंट पाच सेंटिमीटरच्या आत येतो, तारेच्या जाडीच्या मानाने भरपूर लांब, त्यामुळे बारीक तारेचं गृहीतक टिकतं. नेकचे आकडे सूत्राच्या जवळ आले. तार खरोखरची जाड असल्यामुळे थोडे वर, आणि तसेच यायला हवे होते.

मग नॅनोव्हीएनए जोडला, म्हणजे रोध आणि रिअॅक्टन्स मोजून पडद्यावर रेघ काढणारं हातातलं यंत्र. रोध ३८!

दुसऱ्या डायपोलच्या मधली क्रोकोडाइल क्लिप काढली, तर पडद्यावरची रेघ लगेच एकट्या डायपोलच्या जागी गेली. तारेचे दोन पाव-तरंग तुकडे झाले की या फ्रिक्वेन्सीला त्यांत प्रवाह जवळजवळ वाहतच नाही. म्हणजे कपलिंग, दोन तारांमधली ती देवाणघेवाण, खरं होतं, आकडा तेवढा चुकत होता. कॅलिब्रेशन तीनदा केलं. चौथ्यांदा केबल सरळ करायला हात लावला आणि रेघ हलली. हात खाली सरकवला तशी तीही सरकत गेली.

कोअॅक्सची, म्हणजे अँटेनाला जोडलेल्या त्या केबलची, बाहेरची जाळी डायपोलच्या एका बाजूला जोडलेली असते, म्हणून तिच्या बाहेरच्या अंगावरूनही प्रवाह वाहत होता. दोन मीटरची ती केबल म्हणजे अँटेनाचाच भाग, आणि माझ्या मॉडेलमध्ये ती नव्हतीच. सोर्सच्या सेगमेंटच्या एका टोकाला दोन मीटरची उभी तार जोडून पुन्हा चालवलं: ३६. मग जाळीवरचा तो प्रवाह अडवायला फीडपॉइंटलगत केबलवर फेराइटचे पाच मणी ओवले, मॉडेलमधली तिसरी तार काढली, पावसाने भिजलेली जमीन घातली. मॉडेल २३, मोजणी २४. आता केबलवरून हात फिरवला तरी रेघ जागची हलत नाही.

ज्यांची मोजणी मॉडेलशी जुळत नाही, त्यांनी सेगमेंट वाढवत बसण्याआधी केबलवरून हात फिरवून बघावा, असं मी मनापासून सांगेन.

पुढे अंतर ५१.७ सेंटिमीटर करायचं आहे. तिथे रोध ७८ आणि रिअॅक्टन्स ७१ यायला हवा, म्हणजे रोध जेमतेम हलतो आणि रिअॅक्टन्स बराच वाढतो. पण दुसरा डायपोल तेवढा सरकवला की तो कपडे वाळत घालायच्या जीआय तारेजवळ जातो, आणि ती तार तीन मीटरची, दीड तरंगलांबीला फार जवळची. मॉडेलमध्ये तीही घातली आहे. मोजताना मात्र ती नको. बाबांना विचारलं, तर म्हणाले, "रविवारी सकाळी काढ, पण दुपारी ऊन पडायच्या आत परत बांध."