गाठी कॅन्सरच्या नव्हत्या

बोका आणला तेव्हा तोंड उघडं टाकून श्वास घेत होता. मांजर असं धापा टाकायला लागलं की आधी ऑक्सिजन, बाकी सगळं नंतर.

जरा स्थिरावल्यावर एक्स-रे काढला. दोन्ही फुप्फुसांत विखुरलेल्या गाठी. वजन घटलेलं, ताप हटत नव्हता, आधीच्या अँटिबायोटिक्सचा गुण आला नव्हता.

"डॉक्टर, कॅन्सरच ना?" मालकीणबाईंनी विचारलं.

"पेशी बघितल्याशिवाय मी ते नाव घेणार नाही."

कॅन्सर, बुरशी आणि काही दुर्मीळ जिवाणू एक्स-रेवर सारखेच दिसू शकतात. स्टेरॉइडही दिलं नाही. जिवाणू निघाला तर तो त्याने आणखी फोफावतो.

भूल देऊन निर्जंतुक नळी श्वासनलिकेतून खाली सरकवली, थोडं कोमट सलाईन सोडलं आणि छातीवर हलकं थोपटत लगेच ओढून घेतलं. या धुण्याने मांजराच्या श्वासवाहिन्या पटकन आवळतात, म्हणून त्या सैल करणारं इंजेक्शन आधीच दिलं होतं. सिरिंजमध्ये गढूळ पाणी आलं.

ग्रॅम स्टेन, म्हणजे जिवाणू ओळखायला स्लाइड रंगवण्याची नेहमीची पद्धत. त्यात सूक्ष्मदर्शकाखाली पूपेशींच्या गर्दीत जांभळे, फांद्या फुटलेले बारीक तंतू दिसले. सलग रंगलेले नाहीत, मण्यांच्या माळेसारखे तुटक. म्हणजे अ‍ॅक्टिनोमायसिस किंवा नोकार्डिया, दोन्ही जिवाणूच. दिसायला जुळे, पण पहिल्याला पेनिसिलिन गटातली औषधं चालतात, दुसऱ्याला मुख्यतः सल्फा-ट्रायमेथोप्रिम लागतं. दुसरी स्लाइड सौम्य अ‍ॅसिड-फास्ट पद्धतीने रंगवली, म्हणजे लाल रंग देऊन तो आम्लाने धुतल्यावर टिकतो का ते पाहिलं, तीव्र आम्लाऐवजी १ टक्का गंधकाम्ल वापरून. अ‍ॅक्टिनोमायसिसचा रंग यात धुऊन जातो. आमचे तंतू लालच राहिले. क्षयाच्या गटातले जिवाणू तीव्र आम्लालाही दाद देत नाहीत, म्हणून तेही करून पाहिलं. तिथे रंग टिकला नाही, म्हणजे क्षयाचा गटही बाद.

नोकार्डिया! १८८८ मध्ये एदमाँ नोकार या पशुवैद्यानेच गुरांच्या आजारात याच्या जातभाईचं वर्णन केलं होतं. आपल्याच पेशातला माणूस, याचा मला दरवेळी अभिमान वाटतो.

लगेच लॅबला फोन लावला. नेहमीचं कल्चर, म्हणजे प्लेटवर जिवाणू वाढवून पाहणं, काही दिवसांत 'वाढ नाही' म्हणून निकालात निघतं, नोकार्डियाला कधी २-३ आठवडेही लागतात. "प्लेट फेकून देऊ नका," हे मी स्वतः बोलून सांगते, नुसतं फॉर्मवर लिहून भागत नाही.

उशिरा का होईना, वाढ आली आणि सल्फा लागू पडेल हेही कळलं. कडू औषधाने बोका लाळ गाळायचा. रक्तपेशी घटत नाहीत ना, हेही अधूनमधून तपासावं लागलं.

"आता खातोय, खेळतोय. बंद करू का गोळ्या?"

"नाही. एक्स-रे स्वच्छ झाला तरी आणखी काही आठवडे द्यायच्याच. हा आजार परत उलटतो."