बॅज राहू दे, आधी शिवण बघा

दुसऱ्या महायुद्धातली ब्रिटिश बेरे (सैनिकांची मऊ, गोल, चपटी टोपी) म्हणून ऑनलाइन जे काय विकायला ठेवतात ना, त्यात विकणारा सगळ्यात आधी बॅजचा क्लोजअप टाकतो. अरे बाबा, बॅज दोन मिनिटांत बदलता येतो. बॅजवरचा मुकुट राजाचा की १९५२ नंतरच्या राणीचा, हे बघून फक्त बॅजचं वय कळतं, टोपीचं नाही. मी तरी आतून फोटो मागतो, आणि तो द्यायला जो टाळाटाळ करतो त्याचा नाद सोडतो.

पहिला घोळ जीएस कॅपचा. १९४३ मध्ये जुन्या फील्ड सर्व्हिस कॅपच्या जागी ही खाकी जनरल सर्व्हिस कॅप आली, लांबून बेरेच वाटते, पण ती कापडाचे तुकडे जोडून शिवलेली असते, वरची चकती वेगळी, बाजू वेगळी, खालची पट्टी वेगळी, त्यामुळे कडेनं गोल फिरणारी शिवण लगेच दिसते. जवानांना ती अजिबात आवडायची नाही, आणि खरं सांगू, डोक्यावर ती दिसतेही तशीच, उतू गेलेल्या इडलीसारखी.

खरी बेरे म्हणजे टँकवाल्यांची काळी (तिला १९२४ मध्ये राजाची मंजुरी मिळाली), १९४२ पासून पॅराट्रूपर्सची मरून रंगाची आणि कमांडोंची हिरवी. ही विणतात. आधी बरीच मोठी विणायची, मग गरम पाण्यात साबण लावून घुसळून आटवायची, म्हणजे लोकर दाटून फेल्ट होतं आणि टाके जवळजवळ दिसेनासे होतात. इंग्लंडच्या कंबरलँडमधल्या क्लीटर गावात १९३८ मध्ये सुरू झालेली कँगोल कंपनी हेच काम करायची आणि युद्धात लष्करालाही बेरे पुरवायची. अशा बेरेच्या कडेला शिवण नसते. टोपी उलटी करून उजेडात धरा, मधोमध गोळा होत जाणारी वीण हाताला लागते, नुसत्या फोटोवरून हे कळणं कठीण.

मग खालची चामड्याची पट्टी, तिच्यातून जाणारी नाडी, बाजूची हवेची दोन भोकं आणि आतलं काळं अस्तर. अस्तरावर मेकरचं नाव, साल, ६ ७/८ किंवा ७ असा इंची साइज आणि सरकारी मालाची खूण म्हणून बाणाचा शिक्का असतो. बाण सी अक्षराच्या आत असेल तर माल कॅनडाचा. साइज सेंटिमीटरमध्ये असेल किंवा मधे ९९ असलेला लांबलचक नेटो नंबर (नेटो देशांच्या लष्करी मालाचा क्रमांक) असेल तर विषयच संपला, ती युद्धानंतरची. पण शिक्का रबरी ठशानंही मारता येतो, म्हणून चामडं जरा वळवून खालचा रंग बघा, ८० वर्षं ऊन न लागलेली लोकर तिथे गडद असते, आणि वरून फिकट नि आतून पण तेवढीच फिकट असेल तर कोणीतरी मुद्दाम जुनी केली असण्याची शक्यता जास्त.

घेर पण बघा. त्या वेळची बेरे चांगली ऐसपैस असायची, कानावर लोंबायची, आजची आटोपशीर. यूव्ही टॉर्चखाली धागा चमकला तर सिंथेटिक असू शकतो, पण आधीच्या मालकानं टोपी आजच्या पावडरीत धुतली असेल तरी चमकते, तेव्हा एवढ्यावरून लगेच नकली म्हणू नका. कसरीनं खाल्लेली बारीक भोकं दिसली तर मी उलट खूश होतो, निदान लोकर तरी खरी आहे.