घंटी एका वाटेने, आवाज दुसऱ्या

ऑफिसमध्ये इंटरनेटवर चालणारे फोन बसवले की एक तक्रार मी फार वेळा ऐकते. "मॅडम, फोन वाजतो. उचलला की आमचं बोलणं समोरच्याला नीट जातं. पण तो काय बोलतोय ते आम्हाला काहीच ऐकू येत नाही." बोलणारा माणूस गोंधळलेला असतो आणि त्याचं बरोबरच आहे. घंटी वाजली म्हणजे फोन लागला, आणि फोन लागला म्हणजे दोन्ही बाजूंनी ऐकू यायला हवं, अशी आपल्या सगळ्यांची पक्की समजूत असते. तांब्याच्या तारेवर ती खरीही होती. एकाच जोडतारेतून घंटी यायची, डायल टोन यायचा, दोघांचा आवाज जायचा-यायचा आणि फोनला लागणारी वीजसुद्धा एक्सचेंजमधून त्याच तारेने यायची.

इंटरनेटवरच्या फोनमध्ये ही जोडतार उरलेली नाही. 'कोणाला फोन लावायचा, तो कुठे आहे, त्याने उचलला का' ही बोलणी एका वाटेने होतात आणि प्रत्यक्ष आवाज दुसऱ्याच वाटेने जातो. व्यवसायासाठी अशी व्यवस्था घेणाऱ्या प्रत्येकाला एवढी एक गोष्ट आधी समजावी असं मला मनापासून वाटतं. ती समजली की बहुतेक तक्रारींचा माग आपला आपल्याला काढता येतो.

पहिली वाट सिपची, म्हणजे सेशन इनिशिएशन प्रोटोकॉलची : फोन जोडण्याची बोलणी कशी करायची त्याचे ठरलेले नियम. त्याचं पहिलं रूप १९९९ मध्ये ठरलं आणि आज वापरात आहे ते जून २००२ मधलं. टेबलावरचा फोन सुरू झाला की आधी सर्व्हरकडे हजेरी लावतो : मी अमुक एक्स्टेन्शन, सध्या या पत्त्यावर आहे. सर्व्हर त्याला आधी परत पाठवतो, ओळख पटवायला सांगतो, मग नोंद करून घेतो. ही नोंद ठरावीक काळाने पुन्हा पुन्हा करावी लागते. म्हणूनच हा फोन उचलून दुसऱ्या शहरात नेऊन लावला तरी त्याचा नंबर तोच राहतो. नंबर भिंतीतल्या तारेला बांधलेला नसतो, नोंदीला बांधलेला असतो.

फोन लावताना सर्व्हरकडे 'इन्व्हाइट', म्हणजे बोलावणं, जातं. उत्तरादाखल १०० येतं, म्हणजे प्रयत्न चालू आहे. मग १८० येतं, म्हणजे तिकडे घंटी वाजते आहे. समोरच्याने उचललं की २००. त्यावर आपल्याकडून 'अ‍ॅक' ही पोच जाते, आणि कोणीही ठेवला की 'बाय'. हे सगळे संदेश साध्या अक्षरांत लिहिलेले असतात, उघडून वाचता येतात. माझं बरंचसं काम हे संदेश वाचण्याचंच आहे आणि ते मला अतिशय आवडतं. जुन्या ईपीएबीएक्सवर, म्हणजे ऑफिसातल्या छोट्या एक्सचेंजच्या पेटीवर, काम करताना लाइन कुठे मेली हे शोधायला तारा जोडायच्या क्रोनच्या पट्टीवर एकेक जोडी तपासत बसावं लागायचं. इथे बिघाड स्वतःच काय झालं ते लिहून ठेवतो.

त्या इन्व्हाइटच्या पोटात आणखी एक चिठ्ठी असते : माझा आवाज ऐकण्याचा पत्ता हा, पोर्ट (त्या पत्त्यावरचा दार क्रमांक) हा, आणि मला आवाजाच्या या या पद्धती समजतात. समोरचाही अशीच चिठ्ठी पाठवतो. त्यानंतर आवाज त्या चिठ्ठ्यांतल्या पत्त्यांवर निघतो. सिपच्या वाटेशी त्याचा संबंध राहीलच असं नाही.

सुरुवातीच्या तक्रारीचं मूळ इथे आहे. ऑफिसातल्या फोनचा पत्ता बहुधा १९२.१६८ ने सुरू होणारा असतो आणि तो फक्त ऑफिसच्या आतच चालतो. बाहेर जाताना राउटर पाकिटावरचा पत्ता बदलून आपला सार्वजनिक पत्ता घालतो, पण पाकिटाच्या आतल्या पत्रात काय लिहिलंय ते पाहत नाही. त्यामुळे समोरच्याच्या हाती जी चिठ्ठी पडते तिच्यावर आतलाच पत्ता असतो. तो बिचारा त्या पत्त्यावर आवाज पाठवत राहतो आणि तो आवाज कुठेच पोचत नाही. आपला आवाज मात्र त्याच्या खऱ्या पत्त्यावर जात असल्याने त्याला व्यवस्थित ऐकू येतो.

यावर चांगला उपाय सर्व्हरच्या बाजूला असतो. सर्व्हर चिठ्ठीवर भरवसा न ठेवता आवाजाची पॅकेटं, म्हणजे पत्ता घालून पाठवलेले तुकडे, प्रत्यक्षात कुठून येतायत ते पाहतो आणि तिकडेच उत्तर पाठवतो. मोठ्या व्यवस्थांमध्ये हे काम सेशन बॉर्डर कंट्रोलर नावाचं खास यंत्र किंवा सॉफ्टवेअर करतं. अनेक राउटरमध्ये 'सिप एएलजी' नावाची सोय असते. आतली चिठ्ठीही दुरुस्त करून देण्यासाठी ती बनवलेली आहे, पण पुष्कळदा ती अर्धवट दुरुस्ती करून ठेवते आणि गोंधळ वाढतो. सर्व्हर जर हे काम स्वतः करत असेल तर मी ती सोय पहिल्या दिवशीच बंद करते.

याच घराण्यातल्या आणखी दोन तक्रारी सांगते, कारण त्या ओळखू आल्या की खूप वेळ वाचतो. बाहेर फोन लागतो, पण येणारा फोन वाजतच नाही, असं झालं तर बहुधा राउटर आपल्या फोनसाठी उघडलेली वाट थोडा वेळ वापरली गेली नाही म्हणून विसरलेला असतो. फोनने अधूनमधून रिकामं पॅकेट पाठवत राहिलं की ती वाट उघडी राहते. दुसरी तक्रार : बोलणं छान चालू असतं आणि साधारण बत्तिसाव्या सेकंदाला फोन तुटतो, दर वेळी तिथेच. त्या २०० ला जायला हवी होती ती पोच वाटेत हरवलेली असते. पोच येत नाही म्हणून २०० पुन्हा पुन्हा पाठवलं जातं आणि सिपच्या नियमाप्रमाणे ३२ सेकंदांनंतर नाद सोडून कॉल बंद केला जातो. 'इंटरनेट स्लो आहे' म्हणून कोणी लाइन बदलायला निघालं असेल तर त्याला थांबवा. हळू इंटरनेट घड्याळ लावून फोन तोडत नाही.

आता आवाजाकडे. माणसाच्या आवाजातला ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच पट्टा जुना फोन वाहून नेत असे. तो अंकांत बदलण्यासाठी सेकंदाला ८,००० वेळा मोजायचा आणि प्रत्येक मोजणी ८ बिटांत लिहायची, म्हणजे सेकंदाला ६४ किलोबिट. ही जी.७११ नावाची पद्धत १९७२ मध्ये ठरली आणि आजही जगभर चालते. इंटरनेटवर पाठवताना या आवाजाचे बहुधा २० मिलिसेकंदांचे तुकडे करतात. एका तुकड्यात १६० बाइट आवाज, आणि वर तीन थरांचे पत्ते, क्रमांक व वेळेचे शिक्के मिळून आणखी ४० बाइट. सेकंदाला अशी ५० पॅकेटं. हिशेब केला तर एका दिशेने ८० किलोबिट होतात, इथरनेटचं वेष्टण धरलं तर ८७ च्या आसपास.

जी.७२९ ही पद्धत आवाज दाबून ८ किलोबिटांत बसवते. जाहिरातीत तो आकडा पाहून लोक खूश होतात. पण वरचे ४० बाइट काही दबत नाहीत. आवाज २० बाइट आणि पत्ते ४० बाइट, म्हणजे प्रत्यक्ष वापर २४ किलोबिट. मी तर इंटरनेट बरं असेल तिथे आवाज दाबूच देत नाही. उलट फोनला झेपत असेल तर जी.७२२ लावते. तिच्यात ७,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज येतो, 'स' आणि 'फ' वेगळे ऐकू येतात. दिवसभर ग्राहकांची नावं-पत्ते लिहून घेणाऱ्या माणसाला यामुळे किती आराम मिळतो ते त्यालाच विचारा.

म्हणजे १० जण एकाच वेळी बोलत असले तरी एका दिशेला एक मेगाबिटसुद्धा लागत नाही. मग आवाज का तुटतो? कारण आवाजाला वेग फारसा लागत नाही, वेळ पाळणारी वाट लागते. फाइल दोन सेकंद उशिरा आली तर काही बिघडत नाही. शब्दाचा तुकडा उशिरा आला तर तो फेकूनच द्यावा लागतो, कारण बोलणं पुढे गेलेलं असतं. म्हणून आवाज यूडीपी नावाच्या पद्धतीने पाठवतात. त्यात हरवलेलं पॅकेट पुन्हा मागवण्याची भानगडच नाही. पॅकेटं कमीजास्त अंतराने येतात, त्या चढउताराला जिटर म्हणतात. तो झाकण्यासाठी फोन काही मिलिसेकंदांचा आवाज साठवून मग एकसारखा वाजवतो. जास्त साठवला तर उशीर वाढतो, कमी साठवला तर आवाज तुटतो. तोंडातून निघालेला शब्द समोरच्या कानात १५० मिलिसेकंदांच्या आत पोचला तर संभाषण सहज वाटतं, असा आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या जी.११४ या शिफारशीचा दंडक आहे. त्याच्या बराच पुढे गेलं की दोघं एकदमच बोलायला लागतात आणि दोघंही एकदमच थांबतात.

ऑफिसात हा उशीर बहुतेक वेळा आपल्याच दारात होतो. कोणीतरी मोठी फाइल चढवत असतं किंवा बॅकअप चालू होतो. अपलोडची रांग भरते आणि आवाजाचं चिमुकलं पॅकेट त्या रांगेच्या शेवटी उभं राहतं. अशा वेळी दुप्पट वेगाचा प्लॅन घेऊन प्रश्न काही दिवस दबतो आणि परत येतो. त्यापेक्षा राउटरमध्ये आवाजाच्या पॅकेटांना पहिला मान द्यायचा, त्यासाठीची खूण डीएससीपी ४६ अशी ठरलेली आहे, आणि एकूण अपलोड लाइनच्या क्षमतेपेक्षा थोडा खाली रोखायचा. मग रांग लागलीच तर ती आपल्या राउटरमध्ये लागते, जिथे कोणाला पुढे सोडायचं हे आपल्या हातात असतं. बाहेरच्या सार्वजनिक इंटरनेटवर ती खूण पाळली जाईल याची हमी नसते. म्हणून आपल्या दारातलं काम पक्कं हवं.

ईपीएबीएक्सच्या पेटीची जागा आता सॉफ्टवेअरने घेतली आहे. मार्क स्पेन्सर यांना आपल्या कंपनीसाठी एक्सचेंज हवं होतं आणि ते परवडत नव्हतं, म्हणून त्यांनी १९९९ मध्ये अ‍ॅस्टेरिस्क लिहिलं आणि सगळ्यांना खुलं करून दिलं. कॉल वळवणं, रांगेत ठेवणं, 'विक्रीसाठी एक दाबा', संभाषण नोंदवणं, सगळं त्यात आहे. हे सॉफ्टवेअर स्वतःच्या ऑफिसात ठेवायचं की कुणाकडून इंटरनेटवर भाड्याने घ्यायचं? माणसं चार ठिकाणी विखुरलेली असतील किंवा घरून काम करत असतील तर भाड्याचं घ्यावं. इंटरनेट गेल्यावरही आतल्या आत फोन चालू राहणं ज्यांना अत्यावश्यक आहे, उदाहरणार्थ रुग्णालय किंवा कारखाना, त्यांनी यंत्र आपल्याकडेच ठेवावं.

किती लाइन घ्यायच्या, म्हणजे एका वेळी किती कॉल चालू शकायला हवेत, हा प्रश्न लोक अंदाजाने सोडवतात, ते मला पटत नाही. डेन्मार्कचे गणितज्ञ ए. के. एरलांग यांनी १९१७ मध्येच त्याचं सूत्र देऊन ठेवलंय. गर्दीच्या तासात सरासरी तीन मिनिटांचे ८० कॉल होत असतील तर ती २४० मिनिटं झाली, म्हणजे सरासरी ४ लाइन सतत भरलेल्या. पण चारच घेतल्या तर कित्येकांना एंगेज मिळेल, कारण फोन सरासरीप्रमाणे येत नाहीत. १० घेतल्या तर दोनशेतल्या साधारण एकालाच एंगेज लागतो. माणसं चाळीस आहेत म्हणून लाइन चाळीस घ्यायच्या नसतात.

वीज गेल्यावर काय होतं ते आधीच ठरवा. तांब्याची तार एक्सचेंजच्या ४८ व्होल्टच्या बॅटरीवर चालायची. आता फोन, स्विच (फोनच्या केबली जोडणारी नेटवर्कची पेटी), राउटर आणि इंटरनेटचं यंत्र हे चारही जिवंत हवेत. फोनला नेटवर्कच्या केबलमधूनच वीज दिली, तर स्विच, राउटर आणि ते यंत्र यूपीएसवर ठेवलं की भागतं. तातडीच्या सेवेला फोन केल्यावर तिकडे कोणता पत्ता दिसेल हेही पुरवठादाराला विचारून घ्या. फोन हलला तरी नोंदीतला पत्ता जुनाच राहू शकतो, आणि रुग्णवाहिका भलत्या इमारतीसमोर उभी राहू शकते.

चोरीबद्दल मी नेहमी कडक बोलते. इंटरनेटवर ५०६० हा सिपचा पोर्ट उघडा दिसला की काही वेळातच परके प्रोग्रॅम त्याचं दार वाजवू लागतात. एक्स्टेन्शन १०१, पासवर्डही १०१, असं सापडलं की सुट्टीच्या रात्री तुमच्या खात्यावरून दूरदेशीच्या महागड्या नंबरांवर फोन लागत राहतात आणि बिल तुमच्या नावावर येतं. लांब पासवर्ड, ज्या देशांशी काम नाही तिकडचे कॉल बंद, आणि रोजच्या खर्चाला मर्यादा, या तिन्हींशिवाय मी यंत्रणा ताब्यात देत नाही.

चालू करण्याआधी स्वतः तपासा. मोठी फाइल चढवत ठेवून बाहेरच्या मोबाइलवर बोला, आणि पाच मिनिटं तरी बोला. वीज बंद करून पाहा. बँकेच्या हेल्पलाइनला फोन लावून अंक दाबून पाहा, कारण दाबलेल्या अंकांचे सूर आवाजाबरोबर दाबले गेले तर पलीकडे कळत नाहीत, ते वेगळ्या पॅकेटांत जायला हवेत. फॅक्स अजून वापरत असाल तर टी.३८, म्हणजे इंटरनेटवरून फॅक्स पाठवण्याची पद्धत, आहे का विचारा. आणि जुना नंबर नव्या पुरवठादाराकडे नेत असाल तर जुनी लाइन बंद करण्याचा अर्ज आधी देऊ नका. बंद झालेल्या लाइनचा नंबर हलवता येत नाही. दुसऱ्या कंपनीच्या मोबाइलवरून त्या नंबरला फोन करून तो नव्या फोनवर वाजला, दोन्हीकडून ऐकू आलं, की मग अर्ज द्या.