अपडेट झालं, तरी सर्व्हर जुनाच चालत असतो

सांगलीच्या गणपती पेठेतले व्यापारी, मार्केट यार्डातले आडते, पतसंस्था, कॉलेजं, कोल्ड स्टोरेज… यांच्यापैकी पुष्कळांची साइट किंवा बिलिंग आता भाड्याच्या एखाद्या छोट्या उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) सर्व्हरवर चालतं. तो सांभाळणारा माणूस एकटाच असतो आणि त्याच्या मागे इतरही कामं असतात. त्याच्यासाठी हे लिहितोय.

अ‍ॅप्टने (उबुंटूचं सॉफ्टवेअर बसवणारं साधन) नवं पॅकेज, म्हणजे सॉफ्टवेअरचा गठ्ठा, बसवलं की डिस्कवरची फाइल बदलते. मेमरीत आधीपासून चालू असलेली प्रोसेस (चालता प्रोग्राम) मात्र जुनाच कोड चालवत राहते. 2014 च्या एप्रिलमध्ये ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीतली (अनेक प्रोग्राम वापरतात तो सामायिक कोड) हार्टब्लीड त्रुटी बाहेर आली, तेव्हा 1.0.1 ते 1.0.1एफ या आवृत्त्या धोक्यात होत्या आणि 1.0.1जी मध्ये दुरुस्ती आली. नवी लायब्ररी टाकूनही अपाची हा वेब सर्व्हर रीस्टार्ट केला नाही, तर तो जुन्याच लायब्ररीवर चालत राहायचा आणि मेमरीतला मजकूर बाहेर जातच राहायचा. शिवाय खाजगी की (एन्क्रिप्शनची गुप्त किल्ली) गळली असण्याची शक्यता असल्यामुळे नवी की बनवून सर्टिफिकेट पुन्हा घ्यावं लागायचं.

म्हणून अपडेटनंतर तपासायचं ते चालू प्रोसेसला. 'सुडो एलएसओएफ -एन' चालवून त्यात 'लिबएसएसएल' (ओपनएसएसएलच्या लायब्ररीचं नाव) शोधा. त्या ओळीत 'डीईएल' दिसलं, तर ती प्रोसेस पुसलेली जुनी फाइल धरून बसली आहे. मुख्य प्रोग्रामसाठी '/प्रॉक' मध्ये त्या प्रोसेसच्या क्रमांकाच्या फोल्डरात 'एक्झी' ही लिंक बघा. तिच्यापुढे 'डिलीटेड' लिहिलेलं असेल तर तीच गोष्ट. हे काम 'नीडरीस्टार्ट' नावाचं साधन सोपं करतं. उबुंटू सर्व्हर 22.04 मध्ये ते आधीच असतं, डेबियनवर (उबुंटू ज्यावर बेतलेला आहे ती प्रणाली) वेगळं टाकावं लागतं. 22.04 वर हाताने अपडेट करताना ते रीस्टार्ट करायच्या सेवांची यादी दाखवतं, तिथे घाईत एस्केप दाबून बाहेर पडू नका. कर्नल (प्रणालीचा गाभा) बदलला असेल तर '/व्हार/रन/रीबूट-रिक्वायर्ड' ही फाइल तयार होते, म्हणजे सर्व्हर रीबूट करायचा बाकी आहे. ती असेपर्यंत काम अपुरं आहे.

इथे रीलोड पुरत नाही. रीलोडने एन्जिनएक्स (हाही वेब सर्व्हर) किंवा अपाची कॉन्फिगरेशन नव्याने वाचतो, कामगार प्रोसेस बदलतो, पण मुख्य प्रोसेस जुनीच राहते. सुरक्षा अपडेटनंतर पूर्ण रीस्टार्टच करायचा. त्याआधी 'एन्जिनएक्स -टी' किंवा 'अपाचीसीटीएल कॉन्फिगटेस्ट' चालवून कॉन्फिगरेशन तपासा. महिनाभरापूर्वी कोणीतरी फाइलमध्ये अर्धवट बदल करून ठेवलेला असतो, तोवर रीस्टार्ट झालेला नसतो म्हणून सगळं सुरळीत दिसतं, आणि अपडेटच्या रात्री सर्व्हर उठत नाही. दोष मात्र अपडेटवर येतो.

आता वेळ. उबुंटूत 'अनअटेंडेड-अपग्रेड्स' सुरक्षा अपडेट आपोआप बसवतं, आणि लहान सर्व्हरवर ते चालू ठेवावं असं माझं ठाम मत आहे. पण त्याचा टायमर मुळात सकाळी 6 चा असतो, पुढे 60 मिनिटांपर्यंत कुठेही. क्लाउडवरचे सर्व्हर बहुधा यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) वेळेवर असतात. यूटीसीचे 6 म्हणजे आपले साडेअकरा. हळद-बेदाण्याच्या सौद्यांची बिलं फाडण्याच्या वेळेला डेटाबेस रीस्टार्ट झाला, तर दुकानातून फोन येणारच. आधी 'टाइमडेटसीटीएल' ने एशिया/कोलकाता लावा. मग 'सिस्टमसीटीएल एडिट' ने 'अ‍ॅप्ट-डेली-अपग्रेड' चा टायमर उघडून 'ऑनकॅलेंडर=' अशी रिकामी ओळ आधी लिहा आणि तिच्याखाली पहाटे 3:30 ची. रिकामी ओळ विसरलात तर जुनी वेळही कायम राहते आणि तो दिवसातून दोनदा चालतो.

दुसरी अडचण बाहेरच्या रेपॉझिटरींची (पॅकेजांची भांडारं). मूळ सेटिंगमध्ये फक्त उबुंटूची स्वतःची सुरक्षा अपडेट बसतात. नवी पीएचपी (साइटची प्रोग्रामिंग भाषा) हवी म्हणून पीपीए (अशीच एक बाहेरची रेपॉझिटरी) जोडला असेल, तर त्यातली पॅकेजं आपोआप अपडेट होत नाहीत; त्यांचं नाव परवानगीच्या यादीत आपण घालावं लागतं. '/ऑप्ट' मधला झॅम्प (अपाची-पीएचपीचा तयार संच) किंवा मूळ कोडवरून स्वतः कंपाइल केलेला अपाची तर अ‍ॅप्टला माहीतच नसतो. डॉकर कंटेनरमधला (सर्व्हरच्या आतला वेगळा बंद डबा) एन्जिनएक्सही तसाच: होस्ट, म्हणजे बाहेरचा सर्व्हर, कितीही अपडेट करा, नवी इमेज (कंटेनरचा साचा) ओढून कंटेनर नव्याने उभा करेपर्यंत आत जुनाच. वर्डप्रेसचे प्लगइन हा आणखी वेगळा हिशोब.

आवृत्तीच्या आकड्यावरून गोंधळ फार होतो. उबुंटू 22.04 वर अपाची 2.4.52 दिसतो आणि ऑडिटवाले 'जुना आहे' म्हणून शेरा मारतात. उबुंटू आणि डेबियन आकडा तोच ठेवून दुरुस्ती मागच्या आवृत्तीत आणतात. 'अ‍ॅप्ट चेंजलॉग अपाची2' मध्ये ऑडिटने सांगितलेल्या त्रुटीचा सीव्हीई क्रमांक (सुरक्षा त्रुटीचा नोंदणी क्रमांक) शोधा, सापडला तर ती ओळ ऑडिटला द्या. घाबरून कुठूनतरी सर्वांत नवा अपाची आणून कंपाइल करू नका. 2021 मध्ये फोल्डरबाहेरच्या फाइली वाचू देणारी जी त्रुटी निघाली, ती त्या वेळच्या ताज्या 2.4.49 मध्ये होती. 4 ऑक्टोबरला आलेल्या 2.4.50 ची दुरुस्ती अपुरी ठरली आणि तीन दिवसांत 2.4.51 काढावी लागली. कंपाइल केलंत, की अशी धावपळ दरवेळी तुमच्याच गळ्यात.

हाताने अपडेट करणार असाल तर काम 'टीमक्स' मध्ये करा, म्हणजे जोडणी तुटली तरी ते सर्व्हरवर चालू राहतं. पावसाळ्यात वीज गेली, राउटर बंद पडला, नाहीतर एसएसएच (सर्व्हरशी दूरवरून असलेली जोडणी) तुटतं आणि पॅकेजं अर्धवट लटकतात. तसं झालंच तर 'सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए' ने पुढे चालू होतं. आधी 'डीएफ -एच' ने डिस्कवरची मोकळी जागा बघा. '/बूट' जुन्या कर्नलांनी भरलेलं असेल तर 'अ‍ॅप्ट ऑटोरिमूव्ह' करा, नाहीतर नवा कर्नल अर्ध्यावर अडकतो. मध्येच 'कॉन्फिगरेशन फाइल बदलली आहे, काय करू?' असा प्रश्न आला तर आधी 'डी' दाबून फरक वाचा. 'एन' म्हणजे आपली फाइल तशीच राहते, 'वाय' म्हणजे पॅकेजची नवी येते आणि आपली 'डीपीकेजी-ओल्ड' नावाने बाजूला पडते. व्हर्च्युअल होस्ट गायब झाल्याच्या बऱ्याच तक्रारींचं मूळ या 'वाय' मध्ये असतं.

मागे फिरायची वाट आधीच ठेवा. स्नॅपशॉट (सर्व्हरची त्या क्षणाची प्रत) घ्या, पण डेटाबेसचा डंप (त्यातल्या माहितीची फाइल) वेगळा घ्या, कारण स्नॅपशॉटवर परतलात की मधल्या तासांतली बिलं जातात. उबुंटूच्या भांडारात मधल्या आवृत्त्या टिकत नाहीत, त्यामुळे जुनं पॅकेज परत हवं असेल तर '/व्हार/कॅश/अ‍ॅप्ट/आर्काइव्हज' मध्ये ते शिल्लक आहे का ते साफसफाई करण्याआधीच बघा. काय बदललं ते '/व्हार/लॉग/अ‍ॅप्ट/हिस्टरी.लॉग' मध्ये तारीखवार मिळतं.